पुढचं पाहून ठेवलेला माणूस

लिफ्टमध्ये नीलिमा चिनी बोलली. फार नाही, चार-पाच अक्षरं. शनिवारची सकाळ, दोघांच्या हातात ग्रोसरीच्या पिशव्या, त्यातली कोथिंबीर दीनानाथच्या नाकाशी. चौथ्या मजल्यावरच्या मिसेस फांग पार्किंगमधूनच त्यांच्याबरोबर आत शिरल्या होत्या. लिफ्टला त्याच आठवड्यात नवा रंग दिला होता आणि दीनानाथने त्यावर मत दिलं की हा रंग पसंत करणाऱ्या माणसाने जन्मात एकदाही डोळे उघडलेले नसावेत. मत इंग्रजीत दिलं, म्हणजे मिसेस फांगनाही त्याचा लाभ व्हावा. मिसेस फांगनी नीलिमाकडे पाहिलं, आणि नीलिमा अगदी सहज, भाजीवाल्याला अर्धा किलो म्हणावं तशी, काहीतरी चिनी बोलली. ता ज्यौ चयांग, असं काहीतरी. दोघी हसल्या. मोठ्याने नाही. मोठ्याने हसल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. हे हसणं आधी बऱ्याच वेळा हसून झाल्यासारखं, वापरून मऊ झालेलं होतं. चौथा मजला आला, मिसेस फांग उतरल्या, दार मिटलं, आणि दीनानाथला असं वाटलं की आपल्याच घरातल्या कपाटातून एक अनोळखी माणूस बाहेर आला आहे आणि आपल्यालाच विचारतो आहे, कोण पाहिजे?

त्याने काही विचारलं नाही. विचारणं म्हणजे माहीत नसणं, आणि माहीत नसणं हा प्रकार दीनानाथच्या स्वभावात बसत नव्हता. बर्नाबीतल्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअर आर्किटेक्ट होता, आणि तिथली तरुण मुलं एखादी गोष्ट त्याला विचारायला यायची तेव्हा आधीच थोडी वाकून यायची. घरी वाकायला आता कोणी उरलं नव्हतं. कादंबरी, त्यांची एकुलती एक मुलगी, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होऊन विंडसरला गेली, तिची खोली रिकामी झाली, आणि त्या खोलीत नीलिमाने एक छोटा टीव्ही लावून घेतला. हॉलमध्ये भिंतभर टीव्ही होता, त्याच्या खाली दीनानाथने तीन महिने वाचून-वाचून निवडलेला साउंडबार होता, पण नीलिमाला तो छोटाच हवा होता. त्यावर ती चिनी मालिका बघायची. फार्मसीच्या काउंटरवरून घरी आली, जेवण झालं, की सात वाजता त्या खोलीत. मग मिसेस फांग येऊ लागल्या. मग दिवाळीच्या सुमारास नीलिमा तिथेच झोपू लागली. तू घोरतोस, म्हणाली. ते खरंच होतं, पण घोरणं वीस वर्षांचं होतं. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर त्याने ते जिंकलं असतं, आणि हे तिला पक्कं माहीत असणार म्हणूनच ते झालं नाही, असं त्याला कधीकधी दात घासताना वाटायचं. दात घासणारा माणूस आरशात फार शहाणा दिसत नाही.

त्या मालिकांबद्दल त्याचं मत त्या न पाहताच तयार होतं. मत तयार असायला पाहावं लागतं हा त्याच्या मते नवशिक्यांचा समज. पुण्यात कॉलेजात असताना तो एका फिल्म सोसायटीचा चिटणीस होता. लोखंडी घडीच्या खुर्च्या, सतत तुटणारी रिळं, पांढऱ्या भिंतीवर कुठल्यातरी थंड देशातला एक माणूस एका गाईला घेऊन तासभर चालतोय, आणि सिनेमा संपला की चर्चा. चर्चा हाच खरा कार्यक्रम. सिनेमा म्हणजे चर्चेला लागणारा कच्चा माल. लग्न ठरल्यावर तो नीलिमालाही तिथे न्यायचा. एकदा ती रडली. गाय मेली तिथे नाही, त्याच्या बरंच आधी, तो माणूस भिंतीला टेकून नुसता पाव खात होता तिथे. स्कूटरवरून परत येताना त्याने मान मागे वळवून-वळवून तिला समजावून सांगितलं की त्या जागी प्रेक्षकाने रडावं अशी दिग्दर्शकाची अपेक्षा नाही, तिथे एक प्रकारची अलिप्तता आहे, तू भावना बाहेरून आणून घातलीस. हो का, म्हणाली ती. वाऱ्यात तिचा आवाज नीट आला नाही, पण हो का एवढं आलं. त्यानंतर तिला सिनेमात रडताना त्याने पाहिलं नाही. आपण तिची अभिरुची घडवली असं तो पुढे लोकांना सांगायचा, तिच्यासमोरच सांगायचा, आणि ती चहाचे कप गोळा करत असायची.

लिफ्टमधलं हसणं मात्र अंगाला चिकटून राहिलं. सोमवारी मीटिंगमध्ये कोणीतरी हसलं, तो दचकला. ऑफिसला जाताना स्कायट्रेनमध्ये दोन चिनी मुली बोलत होत्या, त्याने कान टवकारले आणि लगेच स्वतःचा राग आला. ते वाक्य कुठून आलं असणार हे उघड होतं: त्या मालिकांमधून. नीलिमा क्लासला जात नव्हती, पुस्तक आणलेलं नव्हतं. म्हणजे शोधायचं तर तिथेच शोधायला हवं. याला तो कुतूहल म्हणत नव्हता. दूषित पाण्याचा नमुना तपासतात, त्याला कुतूहल म्हणत नाहीत. त्याने कादंबरीला फोन केला, इकडचं-तिकडचं, विंटर टायर्स घातलेस का वगैरे विचारून, जाताजाता सांगितलं की त्या चिनी मालिकांचं हल्ली जगभर बरंच चाललंय म्हणे, त्याचा एकदा समाजशास्त्रीय अंगाने विचार करावा म्हणतो, तर साधारण सुरुवात कुठून करतात लोक? पलीकडे बराच वेळ कारखान्यातला आवाज येत राहिला.

"मॉडर्न वन घे आधी, ऑफिस रोमान्स," कादंबरी म्हणाली. "इट्स लाइट. मग पॅलेसवाल्या. इम्मॉर्टल्सच्या लगेच नको, यू विल हेट इट. अँड बाबा, प्लीज, जस्ट डोन्ट डू दॅट थिंग."

"कुठली थिंग?"

"यू नो," ती म्हणाली, आणि तिला कोणीतरी हाक मारली.

त्याला नो नव्हतं. पण मुलीला दोनदा विचारणं बापाला शोभत नाही. मंगळवार आणि गुरुवार सोडले तर तो घरूनच काम करायचा, नीलिमा फार्मसीत. कादंबरीच्या खोलीतल्या, छोट्या टीव्हीला जोडायच्या लॅपटॉपवर मालिकांचं ॲप उघडंच होतं. तो लॅपटॉप आपल्या टेबलावर आणायचा, दुसऱ्या स्क्रीनला जोडायचा, आणि नीलिमा यायच्या आत जागेवर ठेवायचा. एका कानात टीमची रोजची मीटिंग, दुसऱ्या कानात चीन. पहिली मालिका ऑफिसातली. एका कंपनीचा मालक, वय सत्तावीस, तोंडावर कायम बद्धकोष्ठाचा भाव, आणि त्याच्या हाताखाली नव्याने लागलेली एक मुलगी जिला सपाट फरशीवर चालता येत नाही. ती दर भागात पडते, तो दर भागात झेलतो, आणि कॅमेरा त्यांच्याभोवती गरबा खेळतो. या कंपनीत काय तयार होतं हे भागामागून भाग गेले तरी कोणाला कळत नाही. पाऊस असो, ताप असो, काचेच्या खोलीत सगळे एक आलेख बघत उभे, आणि आलेख वर जातोय. दीनानाथने एकट्यानेच नाकातून हसून घेतलं. इकडे मीटिंगमध्येही एक आलेख चालला होता आणि तोही वर जात होता, याकडे त्याने लक्ष दिलं नाही. नायिकेची आई गावाहून लोणच्याची बरणी घेऊन येते आणि मालकाचा ड्रायव्हर ती हातात घ्यायला नकार देतो, तिथे त्याचं मीटिंगमधलं उत्तर द्यायचं राहिलं. आर यू ऑन म्यूट, दीना? सगळ्यांनी विचारलं. तो म्यूटवर नव्हता.

मग राजवाडा. इथे सत्तर बायका एका पुरुषासाठी एकमेकींना गोड सूप पाठवतात आणि ते पिऊन एकेक जण कमी होत जाते. बादशहा मालिकाभर कागदावर शिक्के मारतो. कोणी बोलायचं नाही ते बोललं की सगळ्या खोलीचे डोळे जमिनीकडे जातात. इतके डोळे इतक्या शिस्तीत जमिनीकडे गेलेले त्याने फक्त आपल्या कंपनीत, नोकरकपातीच्या आठवड्यात पाहिले होते. मालिका फालतूच होती. पण पट्टराणी कुणाशीही न भांडता एक दिवस आपला बिछाना बागेपलीकडच्या दालनात हलवते, दासींना सांगते की बादशहांना माझ्या खोकल्याचा त्रास होतो, आणि बादशहा ते ऐकून बरं म्हणतो आणि पुन्हा शिक्के मारायला लागतो, हा प्रसंग त्याने मागे नेऊन परत पाहिला. भाषांतर तपासायला. नंतर मुलीचा सल्ला धुडकावून अमर लोकांची मालिका लावली, कारण धुडकावणं हे त्याचं मूळचं काम. पांढऱ्या झग्यातले, वाफेतून चालणारे, हजारो वर्षं जगणारे, एकदाही वॉशरूमला न जाणारे लोक. नायिका विसरते, मरते, पुन्हा जन्मते, आणि दर वेळी नायकच तिला ओळखत नाही. तीन जन्म लागतात एवढंसं कळायला की ही बाई समोर उभी आहे. याला कथा म्हणायचं? तीन जन्म! मूर्खाला एवढं दिसत नाही? तो लॅपटॉपशी मोठ्याने बोलला होता. खिडकीबाहेर बर्नाबीचा बारीक, न थांबणारा, कुणाचंही लक्ष न मागणारा पाऊस पडत होता आणि त्याचं जेवण मायक्रोवेव्हमध्ये कधीचं गार झालेलं होतं.

वाक्य मात्र सापडलं नव्हतं. शेवटी नीलिमा सध्या बघत होती तीच मालिका त्याने लावली. ती तो मुद्दाम टाळत आला होता, का ते सांगता आलं नसतं. यात झगे नव्हते, सूपं नव्हती. एक कळकट शहर, तिसऱ्या मजल्यावरचं एक घर, आणि एक निवृत्त म्हातारा मास्तर, ज्याला सगळ्यातलं सगळं कळतं. सुनेचा मासा कसा वाफवायला हवा होता, जावयाने कुठली गाडी घ्यायला नको होती, शेजारच्याच्या अंत्ययात्रेत बँड कसा बेसूर होता. बोलतो ते बहुतेक बरोबरच असतं, हा त्यातला वैताग. दीनानाथला म्हाताऱ्याचं काम करणारा नट अत्यंत भडक वाटला. इतका भडक माणूस प्रत्यक्षात असता तर घरच्यांनी त्याला कधीच सांगितलं नसतं का? चौथ्या की पाचव्या भागात मास्तर नातवाच्या वाढदिवसाला, भर पाहुण्यांत, केकमधल्या क्रीमविषयी बोलतो. पाहुणे गप्प होतात. मास्तरची बायको, साधीशी, केसांना पिन लावलेली, पाहुण्यांच्या पुढ्यात बशा ठेवत हसून म्हणते: ता ज्यौ चयांग.

त्याने थांबवलं. मागे नेलं. ता ज्यौ चयांग. खाली इंग्रजी अक्षरं आली, शांत, पांढरी: तो असाच आहे.

एवढंच. चेष्टा असेल, शिवी असेल, घोरण्यावरून काही असेल, अशी त्याने मनाची तयारी केली होती. प्रत्येकाला उत्तरही तयार होतं. तो असाच आहे. डोंगर असाच आहे. इथली हवा अशीच आहे, छत्री घेऊन निघा. या वाक्यात राग नव्हता, आणि रागच नाही म्हटल्यावर आपल्याला मिळालेला सगळा मान, सगळं ऐकून घेणं, सगळं हो का, हे काय होतं मग? पाहुण्यांपुढे बशा ठेवणं? तो उठून किचनमध्ये गेला, पाणी प्यायला, परत आला. पडद्यावर मास्तरची बायको हातात बशी घेऊन तशीच थांबलेली होती, तोंड अर्धवट उघडं, चेहऱ्यावर ते मऊ हसू. ती दिग्दर्शकाला कळलेली नाही, असं एक वाक्य त्याच्या मनात आपोआप तयार झालं आणि कुठेच न जाता तिथेच बसून राहिलं.

पुढचे सगळे दिवस तो म्हाताऱ्याबरोबर राहिला. तुच्छतेनेच राहिला, तुच्छता हे त्याच्याकडचं एकमेव उबदार कापड होतं आणि नोव्हेंबर संपत आला होता. त्याने मालिकेतल्या वाद्याला नावं ठेवली, ते एक दोन तारांचं व्हायोलिनसारखं काहीतरी, जे रडायची वेळ झाली की कोपऱ्यातून सुरू होतं. त्याने संकलनाला, विगला, खोट्या हिमाला नावं ठेवली. आणि भागामागून भाग पुढे गेला. मधल्या कुठल्यातरी भागात मास्तरची बायको एक लहानशी बॅग भरते आणि दुसऱ्या शहरातल्या मुलीकडे राहायला जाते. चिठ्ठी नाही, तक्रार नाही. फ्रिजमध्ये डबे भरून ठेवलेले. मास्तर पहिले काही दिवस डब्यांतल्या जेवणावर टीका करतो, एकट्यानेच, टेबलापलीकडच्या खुर्चीला उद्देशून. मग डबे संपतात. दीनानाथने हेडफोन काढून ठेवले. घरात फ्रिजचा आवाज येत होता. तो उठला नाही, फ्रिज उघडून पाहिला नाही, तेवढा तो खुळा नव्हता. पण उठलो नाही हे त्याला लक्षात ठेवावं लागलं. शेवटच्या आधीच्या भागात मास्तर गाडीत बसून बायकोला आणायला निघतो. शेवटचा भाग राहिला. तो त्याने लावला नाही. असल्या मालिकांचा शेवट काय असतो ते शेंबड्या पोरालाही कळतं, तो स्वतःला म्हणाला. ती परत येते. बहुतेक. आणि लॅपटॉप मिटून, होता तसा कादंबरीच्या खोलीत नेऊन ठेवला.

त्या संध्याकाळी सव्वासातला त्याने खोलीच्या दारावर टकटक केली. आपल्याच घरात टकटक करताना बोटं कशी वाकवायची हेही सुचेना. आत पलंगाला टेकून मिसेस फांग आणि नीलिमा खाली गालिच्यावर बसल्या होत्या, मध्ये सूर्यफुलाच्या भाजक्या बियांचं भांडं, सालींसाठी एक वाटी, आणि बऱ्याचशा साली वाटीबाहेर. नीलिमाने केस वर बांधले होते आणि त्याचा जुना, कोपराला विरलेला स्वेटर घातला होता. ती इतकी आरामात बसलेली त्याने बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. बसू का, त्याने विचारलं. मिसेस फांग लगेच सरकल्या, वेलकम वेलकम म्हणाल्या, मूठभर बिया त्याच्या हातात ओतल्या. नीलिमा सरकली नाही, पण नको असंही म्हणाली नाही. पडद्यावर नवव्या की दहाव्या भागातलं जेवणाचं टेबल होतं. मास्तर माशाविषयी सांगत होता, आणि सांगत-सांगत दोन वाट्या भात आणि अर्धा मासा संपवत होता. सून खाली बघत होती. कोपऱ्यातून ते दोन तारांचं वाद्य सुरू झालं. दीनानाथच्या घशाशी वाक्य आलं. चांगलं वाक्य होतं, वाद्य म्हणजे प्रेक्षकाला ढोसणारं कोपर वगैरे. त्याने श्वास घेतला.

नीलिमाने पॉजचं बटण दाबलं.

त्याच्याकडे न बघताच दाबलं. श्वासाच्या आवाजावरून. मिसेस फांगनीही बी तोंडाजवळच धरून ठेवली आणि नम्रपणे पडद्याकडे बघत राहिल्या. दोघी थांबल्या. त्यात काही टोचणी नव्हती. फाटकापाशी गाडी जाईपर्यंत माणसं उभी राहतात, गप्पाही सोडत नाहीत, नुसतं थांबतात, तसं. हे बोट आज पहिल्यांदा इतकं बरोबर कसं पडलं? त्याला एकदम दिसलं की रिमोट आज आहे, थांबणं जुनं आहे. सिनेमात, जेवणात, लोकांत, कादंबरीच्या शाळेच्या मीटिंगमध्ये, तो श्वास घ्यायचा आणि ती स्वतःला थांबवून ठेवायची, आणि त्याचं झालं की पुढे सुरू व्हायची. त्या मधल्या वेळात ती कुठे असायची हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"बोल," नीलिमा म्हणाली.

"काही नाही."

"नक्की?"

"लाव तू."

तिने आता त्याच्याकडे पाहिलं. आजारी माणसाच्या कपाळाला हात लावण्याआधी बघतात तसं. मग लावलं. मास्तरने मासा संपवला. वाक्य दीनानाथच्या घशात बराच वेळ फिरत राहिलं, बीच्या सालीसारखं, आणि मग कुठे गेलं कळलं नाही. पुढच्या भागात तो एकदा चुकून हसला, बरोबर जागी, आणि मिसेस फांगनी त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. दोन भाग झाले. मिसेस फांग उठल्या, कमरेला हात लावून काहीतरी चिनी पुटपुटल्या, बाकीच्या बिया त्याच्याकडेच ठेवून खाली चौथ्या मजल्यावर गेल्या. तो दारापर्यंत पोचवून आला तर नीलिमा लॅपटॉपवर भागांची यादी वर-खाली सरकवत होती.

"रोज संध्याकाळी हे करावं लागतं मला," ती म्हणाली. "माझा भाग शोधून काढावा लागतो. उघडलं की मालिका तुझ्या ठिकाणी जाऊन बसलेली असते."

तो उभाच राहिला. कंपनीत दर सहा महिन्यांनी तो नव्या मुलांना व्याख्यान द्यायचा, की वापरणाऱ्याने कुठेही पाऊल टाकलं तरी सिस्टीम ते लक्षात ठेवते. स्लाइडवर पावलांचं चित्रही होतं.

"कधीपासून कळलं तुला?"

"पहिल्या दिवसापासून. ऑफिसवाली अर्धी बघून सोडलीस. राजवाड्यातली मागे नेऊन-नेऊन बघितलीस. झगेवाली तर पूर्ण." ती हसली नाही. "मिसेस फांगला रोज सांगायचे, आज कुठवर पोचलाय. ती म्हणायची, येईल तो आपल्यापर्यंत."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? बोलले असते तर तू मला ती समजावून सांगितली असतीस."

हे तिने कुठल्याही वाद्याशिवाय म्हटलं. खोलीत भाजक्या बियांचा वास होता. पलंगावर तिची उशी, उशीखाली तिचा चष्म्याचा डबा, खिडकीत तिच्या क्रीमची बाटली. सगळं नीट लागलेलं, पाहुण्याचं नव्हे, राहणाऱ्या माणसाचं.

"शेवट सांगू नकोस हं," ती म्हणाली. "तुला सवय आहे."

"मी नाही पाहिलेला."

"दीना."

"नाही पाहिलेला. बघ तिथे. एक भाग राहिलाय. ती येते की नाही, मला माहीत नाही."

तिने खरंच बघितलं. पडद्याचा उजेड तिच्या चष्म्यावर थोडा वेळ थांबला. मग लॅपटॉप मिटला.

"मग एकट्याने बघू नकोस तो," ती म्हणाली. "आम्हाला अजून बरेच दिवस लागतील तिथे पोचायला."

त्याने मान हलवली. तिने पलंगावरची चादर ओढून सरळ केली, उशी थोपटली, आणि तो अजून तिथेच आहे हे बघून म्हणाली, "साली गोळा कर त्या. मी पाय टाकणार आहे तिथे."

तो गुडघ्यांवर बसला. गालिच्यात रुतलेल्या साली नखाने एकेक उपटून वाटीत टाकू लागला. बऱ्याच होत्या. ती पलंगाच्या कडेला बसून, पाय वर घेऊन, तो संपवायची वाट बघत राहिली. आणि या गालिच्याच्या निवडीविषयी त्याचं एक फार जुनं मत होतं, ते त्याने दिलं नाही.